जादा पाटे आणि म्हशीची माती

आमच्या मोटारीचं कौतुक घरात अजून संपलेलं नाही. कुणी पाहुणा आला की तिची गोष्ट निघते, आणि गोष्ट मागच्या पाट्यांपाशी आली की थोरल्यांची वाहवा होते. मी चुलीपाशी असते. कान तिकडे असतात आणि अंगाचा तिळपापड होतो. चार इयत्ता शिकले आहे, तेवढ्यावर जमेल तसं लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

थोरले म्हणजे माझे भाया, नवऱ्याचे मोठे भाऊ. मांजरसुंब्याजवळ आमचं गाव. निजामाचं राज्य होतं तेव्हा आसपासच्या गावांत मोटार अशी आमच्याच दारात होती. बीडच्या एका अंमलदाराची जुनी गाडी थोरल्यांनी घेतली, मागची बाजू कापून तिला लाकडी फळ्यांचा हौदा बसवला आणि ज्वारीची पोती वाहायला लागले. चालवणाऱ्याच्या शेजारी पुढे एक बाक होता. त्यावर आम्ही बायका कधी बसलो नाही. भायाच्या शेजारी भावजय बसत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. बाक रिकामा असला तरी आम्ही मागे, हौद्यात.

एका सुगीत घाट चढताना मागचा पाटा मोडला. मोटारीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. सगळा हौदा त्यांच्यावर बसतो आणि धक्के तेच खातात. मोटार घरी आली ती लंगड्या बैलासारखी एका अंगावर झुकलेली. बीडहून मिस्त्री बोलावला. त्यानं अंगणात ओंडके लावून मोटार उचलली, चाकं काढली, गंजलेले बोल्ट ठोकून ठोकून सोडवले. मोडला तेवढा पाटा बदलला तरी भागेल, असं तो म्हणाला.

थोरले म्हणाले, "तेवढाच कावून? दोन्हीकडं जादा पाटे घाल. माल लई बसला पायजे."

"सेठ, भरी गाडी को अच्छा रहता. खाली गाडी उछलती. कमर तोडती."

"रिकामी गाडी पळवायला मी येडा हाय का बे?"

रिकाम्या गाडीत आम्ही बसतो, हे तिथं कुणाच्या ध्यानात नव्हतं. मी दाराआड उभी होते. बोलायची सोय नव्हती.

जादा पाटे एका मोडीत निघालेल्या लॉरीचे आणले होते. गावच्या लोहारानं ते लालभडक करून ठोकले, त्यांना वाक दिला. ते तेलात विझवायचे असतात म्हणे. माझा करडईच्या तेलाचा भरलेला डबा न विचारता उचलून नेला. पुढे किती दिवस आमची भाजी बिनफोडणीची. जेवताना नाकं मुरडणारे तेच, ज्यांनी डबा नेला होता.

पाटे बसले. पोती रचली तरी हौदा वाकेना. थोरले मोटारीभोवती फिरून फिरून बघत होते. मग मी एकदा बाजाराहून रिकाम्या मोटारीतून आले. सडकेवरच्या प्रत्येक खडीला हौदा उडत होता, सुपातल्या दाण्यांसारखी मी वर जात होते आणि खाली आपटत होते. घरी आले तेव्हा उजव्या हातात एकही बांगडी उरली नव्हती. सासूबाईंनी हात बघितला आणि मलाच धारेवर धरलं, "सवाशिणीनं असा हात घेऊन घरात यायचं?" बांगड्या कशानं वाढल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे थोरल्यांनी आष्टीच्या बाजारातून गाभण म्हैस आणली. मोटार हळूहळू दारात आली. बघते तर हौद्यात मातीनं भरलेली पोती, त्यांच्यावर हातभर कडबा आणि त्यावर म्हैस, डोळे मिटून रवंथ करत असलेली. सासूबाईंनी विचारलं, "माती कशाला रं?"

"ओझ्याबिगर पाटे दबत न्हाईत, आई. धक्क्यानं म्हैस गाभडली असती म्हंजे?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मिस्त्रीचं बोलणं त्यांनी नीट ऐकलं होतं. माझ्या हातातली घागर मी एवढ्या जोरात ठेवली की कुत्रं उठून पळालं.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या जावेला सातवा लागला. आदल्या वर्षी तिचं पोटातलं गेलं होतं. या वेळी ती जिना उतरतानाही भिंतीला हात लावून उतरायची. बाळंतपणाला तिला माहेरी, उमापूरला पोचवायची होती आणि पाठराखण म्हणून मी जाणार होते. सासूबाई म्हणाल्या, बैलगाडीनं जाऊ द्या, वाटेत मुक्काम करतील. थोरले उसळले, "दारात मोटार असून आमची सून बैलगाडीनं गेली तर उमापूर हसंल."

मी नवऱ्याला म्हटलं, "मातीची पोती तरी हौद्यात टाकायला सांगा." ते म्हणाले, "दादाची मोटार, मी काय सांगू?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी थोरले ओसरीवर जेवत होते. समोर गोठा. मी म्हशीपुढे कडबा टाकला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. मला लेकही नव्हती तेव्हा, म्हैस होती.

"खा बाई, खा," मी म्हशीला म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "नशीब काढलंस. तुला आणताना खाली माती, वर कडबा. आमच्यात बी एक हाय सातव्या महिन्याची. पण ती दूध देत न्हाई ना!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "कुणाला बोलायलीस गं?"

"म्हशीला, आत्याबाई."

थोरले घास चावत आईला म्हणाले, "आई, त्या म्हशीला सांग, बाईमाणूस फळीला धरून बसतंय. जनावराला धरता येत न्हाई."

"म्हशी," मी म्हणाले, "बाईनं फळी धरली. पोटातल्यानं काय धरायचं गं?"

थोरल्यांनी ताटात हात धुतला आणि उठून गेले.

सकाळी मोटार दारात होती. हौदा रिकामा. मला वाटलं होतं निदान आज तरी काही दिसेल. मी गोठ्यामागे गेले, तर सासूबाई आधीच फावडं घेऊन तिथं. जन्मात मला गोड न बोललेली बाई म्हणाली, "पोत्याचं तोंड धर." आम्ही दोघींनी पोती भरली. माझा नवरा बघत होता. मग पुढे आला आणि मुकाट्यानं एकेक पोतं वर चढवलं. धाकटी पदर तोंडाला लावून हसत होती. "आक्का, मला म्हशीचा मान!"

थोरले आले. "हे काय, आई?"

"म्हशीची माती हाय. ऱ्हाऊ दे."

ते पुढे मोटार चालवायला बसले. हौदा दबला होता. वाटभर मी धाकटीच्या कमरेमागे हात देऊन बसले. बीड गेलं, गेवराई गेली, तिचा हात पोटावर होता आणि ओठ हलत होते. उमापूरला तिच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा मी पहिल्यांदा पाय पसरले.

मी पाणी पिऊन येते तोवर थोरल्यांनी पोती रिकामी करून घड्या घातल्या होत्या. रिकाम्या हौद्यातून मी एकटी परत आले. या वेळी दोन्ही हातांत एकही बांगडी उरली नव्हती. सासूबाईंनी हात बघितले आणि दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायला कासाराला दारात बोलावलं.

धाकटीला मुलगा झाला, धडधाकट. बारशाला आम्ही सगळे उमापूरला गेलो. पुरुषांच्या पंगतीत थोरले सांगत होते, "जादा पाटे घातले म्हनून सून फुलासारखी पोचली." व्याही म्हणाले, "वा! मोटार असावी तर अशी."

मी वाढत होते. पोळी थोरल्यांच्या ताटात ठेवली, पदर सावरला आणि आत आले. धाकटी पाळण्याची दोरी ओढत होती.

"आक्का, मातीचं कुणीच बोललं न्हाई."

"म्हशीला ठाऊक हाय," मी म्हणाले.