झिजलेली बोटं

तारापूरच्या एका कारखान्यात हजेरीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सर्व्हरवरची एक चूक सापडेना, म्हणून नवा डीबगर बसवला. हव्या त्या ओळीवर खूण केली की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि आत काय चाललंय ते निवांत बघता येतं. तो चाचणीच्या सर्व्हरला जोडायचा असतो. मी कंटाळा केला, चालू सर्व्हरलाच जोडला, एका ओळीवर खूण केली आणि चहाला निघालो.

गेटवर पाळी सुरू होत होती. मासवणकडून आलेल्या बायका हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवत होत्या आणि यंत्र गप्प होतं. पुढची बाई बोट पदराला पुन्हापुन्हा पुसत होती.

"आमची बोटंच झिजली हाएत, साहेब," ती ओशाळून म्हणाली. "यंत्राला दिसत नाय."

यंत्र सर्व्हरला विचारतं, आणि सर्व्हर मी थांबवून आलो होतो. तसाच मागे फिरलो, खूण काढली, प्रोग्राम पुढे चालू केला.

परत आलो तेव्हा रांग सरकत होती. त्या बाईचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"मातीनं घासून आले," ती म्हणाली, "मंग घेतलं यंत्रानं."

मी म्हणालो, "बरं झालं."