उंबऱ्याबाहेरचा चाफा

माझ्या चाफ्याला आयर्लंडमधल्या कॉर्कच्या थंडीत पानं टिकवणंच जड जायचं. तरी त्या वर्षी किचनच्या खिडकीत, रेडिएटरच्या उबेला त्याला एक फूल आलं. शेजारच्या थाई बाईचा आयरिश नवरा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता. लिव्हर साथ सोडत चाललं होतं. मी औषधांच्या कंपनीत काम करते, तिने दाखवलेल्या रिपोर्टमधून मला काय ते कळलं होतं. तिला मात्र एवढंच ऐकायचं होतं, की तो घरी येणार.

मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. म्हणून फुलासकट कुंडी उचलली आणि तिच्या दारात गेले.

तिने दार उघडलं, कुंडी पाहिली आणि उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

“हे आत नको. तो घरी येईपर्यंत तरी नको.”

मला राग आला. आम्ही देवाला वाहतो ते फूल, आणि हिच्या घरात त्याला जागा नाही! मी तशीच परतले.

दुसऱ्या दिवशी तीच आली. चहाचा कप हातात धरून बसली.

“आमच्याकडे याला लनथोम म्हणतात. दुःखाला जो शब्द आहे, त्याच्यासारखाच ऐकू येतो. म्हणून हे झाड देवळात लावायचं, घरी नाही. आता लोकांनी नाव बदललंय, लीलावदी म्हणतात, हॉटेलांत रांगेने लावतात. माझ्या आईने तरी लावू दिलं नाही. आमच्या घरामागे फणस होता. त्याच्या नावात आधार हा शब्द आहे.” मग म्हणाली, “तू सायंटिस्ट. तुला हसू येत असेल.”

मी कशाला हसते? मंगळसूत्र तुटलं तर आम्ही ‘वाढलं’ म्हणतो. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची माझी आजही छाती होत नाही.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला. इथे माणूस गेला की पेटी घरी आणून ठेवतात, गाव भेटून जातं. तिच्या किचनमध्ये बायका सँडविच कापत होत्या, कुणीतरी सारखी किटली चढवत होतं. मी मागच्या दाराशी अवघडून उभी होते. ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली.

“ती कुंडी घेऊन ये,” ती म्हणाली. “आता बाहेर ठेवून काय करायचं?”