भावाच्या शर्टांची गोधडी

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवरून येऊन नुकती पलंगावर टेकले होते. सेवाग्रामला इतकी वर्षं नर्सचं काम केल्यावर अशा बातमीची सवय व्हायला हवी होती... झाली नाही. "मामी, आई गेल्या," एवढंच वैशाली, त्यांची सून, बोलली. मी पुन्हा चप्पल चढवली आणि आर्वीची बस धरली. त्याला आता महिना होईल.

कमलताई माझ्या मोठ्या नणंद. आर्वीजवळ रोहण्याला राहायच्या. कापूस वेचणी संपली की त्यांच्या मशीनचा हंगाम सुरू व्हायचा. गावातल्या बाया जुन्या साड्या, शर्ट गाठोड्यात बांधून आणायच्या आणि ताई त्यांच्या पट्ट्या काढून गोधड्या शिवायच्या. पट्टीच्या टोकाला पट्टी जोडत जायची, मग ती लांबच लांब पट्टी दुमडून कडेला कड शिवायची. कोणता रंग कुठे येईल हे शेवटपर्यंत कळत नसे. "आपन कायले ठरवाचं? येते ते चांगलंच येते," असं म्हणायच्या.

माझे पती, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, अचानक गेले तेव्हा ताई पंधरा दिवस माझ्याकडे राहिल्या. स्वयंपाक केला, भांडी घासली, माझ्या डोक्याला तेल लावलं. चार महिन्यांनी पुन्हा आल्या. यांचं कपाट तसंच बंद होतं. ताईंनी ते उघडलं, अकरा शर्ट चटईवर काढले आणि कैची माझ्यापुढे धरली.

"शोभा, पयली कैची तू लाव."

मी मानेनेच नाही म्हटलं. मग निळ्या चौकडीच्या शर्टाची कॉलर त्यांनीच उसवली, पाठीच्या कापडाला एक चीर दिली आणि सर्रकन फाडलं. तो आवाज माझ्या अंगातून गेला. मी ओरडले, "तुमचं काय जातं, ताई? नवरा माझा गेला!"

त्यांचे हात थांबले. "माहा भाऊ नाई होता का तो?" आवाज अगदी हळू होता. "त्याले मी कडेवर घेऊन फिरली वं. माह्याजवळ त्याचं एक फडकं नाई..."

चार महिन्यांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या पंधरा दिवसांत सगळे मला भेटायला येत होते. ताई त्यांना चहा करून देत होत्या. तुम्ही कशा आहात, असं त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी कैची घेतली. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून अकराही शर्ट कापले. बाह्या वेगळ्या, पाठी वेगळ्या, बटणं एका वाटीत. रडण्याइतकीही ताकद उरली नव्हती. कंबर धरून तिथेच चटईवर आडव्या झालो. गोधडी शिवून झाल्यावर त्या ती मला द्यायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "ही तुमच्याकडेच राहू द्या." नको नको म्हणाल्या... आणि ठेवली. शेवटच्या आजारात तीच पांघरून होत्या, असं वैशाली सांगते.

परवा रोहण्याला जाऊन आले. मशीनपाशी ताईंच्या हातची एक गोधडी अर्धी राहिली होती, कुणाची तरी शिवायला आलेली. ती पुरी करायला वैशाली बसली, पण तिने कापलेली पट्टी जुन्या पट्ट्यांशी जुळेना. ताईंनी टेप कधी वापरला नाही, पट्टी चार बोटांची. चार बोटं वैशालीनेही ठेवली होती, पण तिची बोटं बारीक. दोनदा उसवून ती दमली, बघून मीही दमले. शेवटी तिने ताईंनी कापलेली एक पट्टी वेगळी काढली, नव्या कापडावर ठेवली आणि तेवढंच कापलं. जुळलं.

"ही शिवाची नाई, मामी," ती म्हणाली. "मापाले राहू द्या."

ती पट्टी आता मशीनजवळच्या खिडकीच्या खिळ्याला टांगलेली आहे. जांभळ्या सुती साडीची, कडेचे दोन धागे निघालेली. साडी कोणाची होती, आम्हा दोघींनाही माहीत नाही.