तिंडी झाली का?

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जयाबाईंना लाज फार. केस पांढरे झाले तरी थोरल्या दिरापुढून जाताना पदर सावरायचा, आणि काही दुखलंखुपलं तर तेही पदराखालीच ठेवायचं. म्हणूनच साखर वाढलीय, रोज सकाळी चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि चालायला लागल्याबरोबर दोन्ही मांड्यांना खाज सुटली, तेव्हा त्यांनी कुणाजवळ ब्रही काढला नाही.

सून दिपाली रोज शहरात नोकरीला जायची. तिनं हौसेनं सासूला बूट आणले, साडीच्या आत घालायला घट्ट, चकचकीत लेगिन्स आणली. घाम फुटला की ती अंगाला चिकटायची. गावच्या मोठ्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत पोचेतो नुसती आग व्हायची, आणि भर रस्त्यात खाजवणार कुठं? सकाळी निम्मं गाव त्याच रस्त्याला. त्यात साखरेच्या माणसाला खाज म्हणजे काहीतरी वाईट, हेही कुणीतरी सांगून ठेवलेलं. मग बाईंनी युक्ती काढली. ऐटीत बूट घालून निघायचं, वाटेत थोरल्या बहिणीच्या, राजाबाईंच्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि वेळ झाली की परतायचं. घरी दिपाली कौतुक करायची, तेव्हा जयाबाई खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत बसायच्या.

राजाबाई काही विचारत नसत. साखरेनंच त्यांचा एक पाय घोट्यातून गेलेला. तो बघूनच जयाबाईंनी चालायचं मनावर घेतलं होतं, आणि आता त्याच पायाशेजारी बसून त्या चालल्याचं सोंग करत होत्या. आपल्यावरही ही वेळ येणार, ही भीती होतीच. पण लाज भीतीलाही पुरून उरली.

पुन्हा रक्त तपासायचा दिवस उजाडला. दिपालीनं रजा काढून सासूला दवाखान्यात नेलं. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, त्यांच्या जागी म्हैसूरकडची एक तरुण डॉक्टरीण. बाई उपाशी आहेत की खाऊन आल्यात, हे कळावं म्हणून तिनं तिकडच्या गोड कानडीत विचारलं, "तिंडी आय्ता?" म्हणजे, तिंडी झाली का?

जयाबाईंचा चेहरा उतरला. तिकडं तिंडी म्हणजे न्याहारी, पण आपल्या बेळगावकडच्या कानडीत तिंडी म्हणजे खाज. नुसतं तोंड बघून हिनं ओळखलं, आता लपवून काय उपयोग, असं वाटून त्यांनी कानडीतच सगळं ओकून टाकलं. चालायला लागलं की तिंडी सुटते, दोन्ही मांड्यांना, आणि म्हणून त्या हल्ली चालतच नाहीत. दिपाली सासूकडं बघतच राहिली. डॉक्टरीणही गोंधळली, न्याहारी मांडीला कशी काय सुटते, ते तिला कळेना.

शेवटी नर्स यल्लव्वा पुढं झाली. "म्याडम, तुमची तिंडी पोटात जाती," ती म्हणाली, "आमची अंगावर येती."

हसणं ओसरल्यावर डॉक्टरिणीनं जयाबाईंना पडद्याआड नेऊन तपासलं. बुरशी वगैरे काही नव्हतं. घट्ट नायलॉन, घाम आणि घासणं, एवढंच. शिवाय अंगाला सवय नसली की सुरुवातीला चालून तापलेली कातडी अशी खाजतेही, असं ती म्हणाली. सैल सुती चड्डी घालायची, निघताना थोडं व्हॅसलिन लावायचं, आल्यावर अंग धुऊन कोरडं करायचं. सर्वांगावर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. साखर काही उतरली नव्हती. खुर्चीत बसून ती उतरणार तरी कशी?

घरी येताना दिपाली रागावली नाही. "आत्ती, मला तरी सांगायचं हुतं," एवढंच ती म्हणाली, आणि ते जयाबाईंना ओरडा खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सुती चड्डी घालून त्या निघाल्या आणि सवयीनं राजाबाईंच्या दारात थांबल्या. तिंडीची सगळी हकिकत सांगितली. राजाबाई डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. मग जयाबाई टेकायला गेल्या, तर थोरलीनं खुर्चीवर हात ठेवला.

"ही माझी खुर्ची हाय, जया. तुझी न्हाय. तू चाल."

जयाबाई डोळे पुसत तुरुंगाच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून वळून परत आल्या. मांड्या थोड्या चुरचुरल्या, पण त्या थांबल्या नाहीत. घराच्या दारात दिपाली वाट बघत होती. तिनं हळूच विचारलं, "आत्ती, तिंडी?"

"व्हय, वाढ," जयाबाई बूट सोडत म्हणाल्या. "लई भूक लागलीया."