सहा शर्ट, एकच रंग

माझ्या कपाटात सहा शर्ट आहेत. सगळे फिकट राखाडी, सगळे सुती, अर्ध्या बाह्यांचे, दोन खिशांचे. खाली तीन पँटी, दोन काळपट आणि एक खाकी. लग्नाकार्यासाठी वेगळा एक पूर्ण बाह्यांचा पांढरा. संपलं. देवगडच्या ज्या कॉलेजात मी कारकून आहे, तिथली पोरं मला पाठीमागून 'युनिफॉर्म' म्हणतात. म्हणोत. बायको मात्र तोंडावर बोलते. "शेजारीण इचारी होती, नवऱ्याक एकच शर्ट आसा काय गो तुझ्या?"

परवा ऑफिसातल्या एका शहाण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पुरुषाने मोजकेच कपडे ठेवावेत, सगळे एकमेकांवर जातील असे. तो मोठा शोध लागल्यासारखा माझ्याकडे बघत होता. माझं डोकंच फिरलं. हे सगळं माझ्या बाबांनी चाळीस वर्षं बाजारातल्या दुकानात मशीन चालवता चालवता सांगितलं होतं, तेही फुकट.

बाबा शिंपी. त्यांच्या मते पुरुषाचं कपाट उघडलं की हात जाईल तो शर्ट आणि हात जाईल ती पँट एकमेकांवर गेली पाहिजे. "कपाट उघडल्यार इचार करूक लागलो, तर समज कपडे चुकले." पांढरा रोजच्या वापराला नको, कारण आमच्या विहिरीच्या पाण्याने तो दोन महिन्यांत पिवळा पडतो. काळा नको, पाठीवर घामाच्या मिठाचे नकाशे उठतात. टेरिकॉट तर नकोच, इथल्या हवेत ते अंगाला चिकटतं आणि माणूस दिवसभर चिडचिड करतो. राहिला राखाडी. गिऱ्हाईक रंगीत कापड घेऊन आलं तर बाबा शिवून द्यायचे, पण तोंड वाकडं करून.

कॉलेजात असताना मी बंड केलं. गोव्याहून निळ्या फुलांचा तयार शर्ट आणला. बाबांनी तो एकदा उलटून पाहिला. श्रावणात कपाट उघडलं तर फुलांवर हिरवी बुरशी आलेली. त्यांनी तो शर्ट चिमटीत धरून पायपुसणं करायला आईकडे दिला आणि जेवायला बसले. तेव्हापासून मी त्यांच्याच हातचे राखाडी शर्ट घातले. दर चतुर्थीला दोन नवे व्हायचे आणि दोन जुने निघायचे.

आज जे सहा आहेत, त्यांतल्या एकालाही बाबांचा हात लागलेला नाही.

आई गेली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत बाबांना विसर पडायला लागला. आधी गिऱ्हाइकांची मापं, मग गिऱ्हाइकं. एका माणसाला दोन वेगवेगळ्या लांबीच्या बाह्या शिवून दिल्या तेव्हा मी दुकान बंद केलं. मशीन घरी आणून पडवीला लागून असलेल्या खोलीत ठेवलं. शेजारी विसरले, नातेवाईक विसरले. माझ्या बायकोला ते 'बाय' म्हणू लागले. कोणाची कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण वाढते आहे, म्हणजे घरातली असावी, एवढं कळत होतं.

मला मात्र ओळखायचे. संध्याकाळी मी आलो की खुर्चीतून उठायचे, माझी कॉलर अंगठा आणि बोटात धरायचे, तिची खालची बाजू चाचपायचे आणि म्हणायचे, "इलंस?" मला वाटायचं, बाप आहे, मुलाला कसा विसरेल. भलताच भ्रम. एकदा मी लग्नात मिळालेला क्रीम रंगाचा शर्ट घालून घरी आलो. बाबांनी कॉलर चाचपली आणि दोन पावलं मागे सरले. "कोण तू? खंयसून इलंस? घरात कसो घुसलंस?" मुलगा आहे म्हणून मी सांगत राहिलो, "बाबानू, मी, तुमचो झील." त्यांनी काठी उचलली. बायकोने मला आत ओढलं आणि दोरीवरचा राखाडी शर्ट हातात दिला. तो घालून बाहेर आलो. कॉलर चाचपून झाली. "इलंस?" म्हणाले. "तो चोर खंय गेलो?"

कॉलरच्या दोन्ही टोकांना आतून ते हाताने तीन बारीक टाके घालत. मशीनच्या शिलाईवर त्यांचा विश्वास नव्हता. ते तीन टाके म्हणजे मी. चेहरा नव्हे, आवाज नव्हे. खरं सांगायचं तर मला याचा राग आला होता. एवढी वर्षं याच घरात वाढलो ते काय टाक्यांसाठी?

पण राग धरून काय करणार? त्यांच्या हातचे सहा शर्ट उरले होते. ते टिकतील तोवर मी त्यांचा मुलगा, हे मला पक्कं कळलं. मग मी ते जपायला लागलो. ऑफिसला बाजारातले तयार शर्ट घालायचो आणि घरी येताना पडवीत खुंटीवरचा बाबांचा शर्ट चढवून मगच आत पाऊल टाकायचो. पावसाळाभर कपाटात बल्ब पेटता ठेवला. बायकोने ते वॉशिंग मशीनमध्ये धुणं बंद केलं, हाताने, तेही हळू. आमची हवा कोणाचं ऐकते? एकाला खिळ्याचा गंज लागून भोक पडलं, एक पाठीवर विरला, दोन बुरशीने खाल्ले. पाचवा बाबांनीच खिडकीच्या कडीला अडकवून फाडला. एक राहिला.

त्याच कापडाचा तुकडा शोधायला मी कुडाळपर्यंत गेलो. बाजारात बाबांच्याच हाताखाली शिकलेला एक शिंपी आहे, त्याला सगळं सांगितलं. गुरूसाठी म्हणून त्याने जीव ओतून शर्ट शिवला, ते तीन टाकेसुद्धा घातले. संध्याकाळी तो घालून मी बाबांसमोर उभा राहिलो. अंगठा टाक्यांवर थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"शिलाय बरी आसा," ते म्हणाले. "पण माझी न्हय." आणि माझ्याकडे पाठ करून बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

उरलेल्या शर्टाची कॉलर दुमडीवर झिजली होती, आतलं कॅनव्हास दिसत होतं. बाबा दुकानात असताना लोक कॉलरी उलटून घ्यायला यायचे. कॉलर उसवायची, झिजलेली बाजू खाली घालायची, पुन्हा जोडायची. शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. मला वाटलं, माणसं विसरली असतील, हात कसे विसरतील? बायको म्हणाली, नको, आसा तसो ऱ्हवांदे. मी ऐकलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी अंगातला शर्ट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हातात ब्लेड दिलं. "बाबानू, कॉलर उलटूची आसा." त्यांनी कॉलर उजेडाकडे धरली. ब्लेडचं टोक शिलाईत घातलं आणि एकेक टाका उचलू लागले. कापडाला ओरखडासुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. कॉलर सुटली. आता उलटतील म्हणून मी दोरा ओवून सुई पुढे केली.

त्यांनी सुईकडे पाहिलंच नाही. उजवी बाही घेतली. ती सुटली तशी डावी. मग खिसे. दारातून बायको हळूच म्हणाली, "अवो, त्यांका थांबवा." मला थांबवता आलं असतं. हातातून शर्ट काढून घेतला असता तर निदान कॉलर दुसऱ्याकडून जोडून घेता आली असती. पण कित्येक महिन्यांत बाबांचा चेहरा असा शांत पाहिला नव्हता. ओठ मिटलेले, मान किंचित कलती, दुकानात असायची तशी. मी बघत बसलो. खांदे सुटले, कडा सुटल्या. त्यांनी सगळे तुकडे एकावर एक ठेवले, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि वर पाहिलं.

समोर मी बनियनवर.

"माप देऊचा आसा?" त्यांनी विचारलं. अगदी आदबीने, गिऱ्हाइकाला विचारावं तसं. मशीनच्या खणातून टेप काढली. "उबो ऱ्हव. पोट आत घेव नको, मागसून त्रास होतलो." छाती मोजली, खांदे मोजले, गळा मोजला. टेपवरचे आकडे मोठ्याने वाचले, आणि ते बरोबर होते. माझ्या गळ्याशी त्यांचा अंगठा लागला तेव्हा वाटलं, आता ओळखतील.

"माझो झील तुझ्याच अंगाचो आसा," ते म्हणाले. "येतलो आता."

त्यांनी टेप गुंडाळली. "कापड खंय आसा?"

मी त्यांच्या मांडीवरच्या तुकड्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही हात त्या तुकड्यांवर ठेवले.

"ह्यां माझ्या झिलाचां. ह्यां तुका मेळाचां नाय."

मी बरं म्हटलं आणि तसाच बनियनवर बाहेर पडवीत जाऊन बसलो.