जेटतात्यांची बावीस मिनिटं

कुणाच्या बांधाचं भांडण असो, कुणाच्या पोरीचं स्थळ असो, नाहीतर सोयाबीन आत्ता विकावं की ठेवावं हा प्रश्न असो, आमचे किसनतात्या छताकडं बोट करायचे. सगळे गप्प झाले की म्हणायचे, ‘‘आम्ही वरून पाह्यलंय. तुम्हाला खालून काय दिसून राह्यलं?’’ संपला विषय. ज्यानं लष्कराच्या जेटमधून दुनिया पाहिली, त्याच्यापुढं आम्ही काय बोलणार, कपाळ?

तात्या माझे सख्खे चुलते. हवाई दलात तंत्रज्ञ होते, वैमानिक नव्हते. पण एकदा, फक्त एकदा, त्यांना दोन सीटांच्या जेटमध्ये मागं बसवून फिरवून आणलं होतं म्हणे. त्या एका फेरीवर या माणसानं उभा जन्म काढला. आमच्या गावात, मंठ्यात, त्यांचं नावच जेटतात्या पडलं. शाळेत झेंडा त्यांच्याच हातून, लग्नात पहिला फेटा त्यांनाच. बैठकीत फोटो होता: मागं विमान, शेजारी वैमानिक साहेब आणि तात्यांच्या बगलेत हेल्मेट. पाहुण्यानं आधी फोटो पाहायचा, पाणी नंतर. ‘‘माणूस वरती पांढराफटक पडतो,’’ तात्या सांगायचे. ‘‘मी न्हाई पडलो. साहेब म्हणला, किसन, तू तं शेर निघाला!’’ सांगायचे मात्र झकास, हे कबूल करतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकायचो. पुढं अक्कल आली तशी वेग आणि उंची दरवर्षी वाढते आहे, हे लक्षात यायला लागलं. साहेबही कधी पंजाबी असायचा, कधी बंगाली.

त्यांच्याच तुकडीत मंठ्याचा आणखी एक माणूस होता, युसुफभाई. तात्यांच्या हाताखाली काम करायचा. नोकरी संपल्यावर त्यानं बस स्टँडच्या मागं मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. तात्यांच्या सत्काराच्या एका सभेत हा युसुफभाई मधेच उठला आणि म्हणाला, ‘‘विमानात मी बसल्तो. हा न्हाई बसला.’’ तात्या जराही गडबडले नाहीत. हसत म्हणाले, ‘‘युसुफ्या खाली पाना धरून उभा व्हता. मान वर करून करून त्याला चक्कर आल्ती.’’ सभा खो खो हसली. त्या दिवसापासून युसुफभाई ‘फेकू पायलट’ झाला. पोरं दुकानासमोरून हात पसरून घूंऽऽ करत पळायची आणि तो आतून पक्कड फेकून मारायचा. पुढं त्यानं तो विषयच सोडला.

गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांच्या मुलानं, प्रकाशनं, शाळेच्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं आणि स्मरणिका काढली. मी निवृत्त मास्तर, घरातला लिहिता माणूस, म्हणून लेख माझ्या गळ्यात पडला. आता आली का पंचाईत! चार ओळी लिहायच्या तर तारीख हवी, विमान कोणतं ते हवं, वैमानिकाचं नाव हवं. तात्यांची ट्रंक उपसली. त्यात कपडे धुतल्याच्या पावत्यासुद्धा जपून ठेवलेल्या, पण त्या फेरीचा एक चिटोरा नाही. शेवटी जुन्या हवाई सैनिकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो फोटो टाकला. महिनाभरानं डेहराडूनहून फोन आला. फोटोतले साहेबच बोलत होते. वय झालेलं, आवाज मात्र खणखणीत.

त्यांनी त्यांची उड्डाणवही काढून पाहिली होती. वैमानिक प्रत्येक उड्डाण त्या वहीत लिहितो, सोबत कोण होतं तेही. त्या पानाचा फोटो त्यांनी मला पाठवला. प्रवाशाच्या रकान्यात नाव होतं: शेख युसुफ. वेळ, बावीस मिनिटं.

मग साहेबांनी सगळं सांगितलं. त्यांचा एक नियम होता. इंजिन बदललं की ज्यानं ‘विमान ठीक आहे’ म्हणून सही केली, त्यानंच चाचणीच्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. म्हणजे कुणी डोळे झाकून सही करत नाही. त्या दिवशी सही तात्यांची होती. साहेब म्हणाले, ‘चल, बस.’ आणि तात्यांच्या पोटात मुरडा उठला! नेमका तेव्हाच! काम सगळं युसुफनं केलेलं, सही करणाऱ्यानं झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. युसुफ म्हणाला, मी बसतो. बसला, गेला, आला. तो खाली उतरल्यावर तात्यांचा मुरडा थांबला. पुढं होऊन म्हणाले, ‘‘युसुफ, जरा हेल्मेट दे रे, फोटो काढतो.’’

भीती वाटली याचा मला राग नाही. मी तर आकाशपाळण्यात बसत नाही. पण जो आपल्या जागी जीव धोक्यात घालून बसला, त्यालाच गावात पन्नास वर्षं खोटारडा ठरवायचं आणि वर त्याच्यावर हशा पिकवायचा! थू! माझा चुलता होता म्हणून एकदाच थुंकतो.

प्रकाशला ते पान दाखवलं. त्यानं पाहिलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, ‘‘दादा, मेलेल्या माणसाचं काय उकरून राह्यला? बोर्ड रंगवून झालाय.’’ बापाचाच लेक. लेख मी दिला नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. त्यात उंची आणखी वाढली आहे.

युसुफभाईंच्या दुकानात गेलो. ते एका पंपाची तार गुंडाळत बसले होते. मी मोबाइल पुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, पान पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

‘‘किती लिहिलंय साहेबानी?’’

‘‘बावीस मिनिटं.’’

‘‘बराबर. बावीसच.’’ मग एकदम भडकले. ‘‘आता आणून राह्यला? माझे अब्बा व्हते तवा कुठं गेल्तास? मरेपर्यंत म्हणायचे, युसुफ, झूट मत बोल बेटा, किसनचा फोटो हाय, तुझा कुठंय? सख्खा बाप! आता कुणाला दाखवू हे? हसणारे सगळे मरून गेले.’’

मी म्हणालो, ‘‘चुकलं, युसुफभाई.’’

‘‘सगळे न्हाई मेले,’’ ते माझ्याकडं बघत म्हणाले. ‘‘तू हायस. हात पसरून तू पण पळायचास. सगळ्यात मोठ्यानं. मला काय दिसत न्हवतं?’’

खरं होतं. मी मान खाली घातली.

‘‘मान खाली घालून काय व्हतं? वाच. मोठ्यानं वाच.’’

मी दुकानात उभा राहून वाचलं. तारीख, विमान, वैमानिक, प्रवासी शेख युसुफ, बावीस मिनिटं. पंप घ्यायला आलेला एक शेतकरी बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, ‘‘काय म्हणून राह्यले सर?’’

युसुफभाईंनी तार खाली ठेवली.

‘‘अजून एकदा वाच,’’ ते म्हणाले. ‘‘ह्याला ऐकू न्हाई आलं.’’