माझ्याच घराची बेल

त्या वर्षी रोज सकाळी सात वाजता मी माझ्याच घराची बेल वाजवायची आणि आतून दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभी राहायची. हातात फुलांची परडी. घर कन्नड मुलखातल्या गोकुलम वस्तीतलं, आम्हा नवराबायकोच्या नावावरचं, आणि आत राहत होतं योग शिकायला आलेलं एक परदेशी जोडपं. आम्ही दोघं मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. पूर्वी तिथे जादा सिलिंडर, नारळ आणि यांची जुनी सायकल असायची.

हे सगळं आमच्या यजमानांच्या समुद्रापायी. वरच्या मजल्यावर राहून गेलेल्या एका भाडेकरूने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं, की पूर्वेकडच्या एका देशात निवृत्त माणसांना समुद्राकाठी राहायचा व्हिसा मिळतो. फक्त दर महिन्याला ठरावीक रक्कम बँकेत जमा होताना दिसली पाहिजे, तीही सलग सहा महिने. यांची नोकरी खाजगी कारखान्यातली, त्यामुळे पेन्शन नाही. पेन्शन माझी, सरकारी हायस्कुलात गणित शिकवल्याची. म्हणजे अर्ज माझ्या नावावर आणि हे माझ्यावर अवलंबून. तसं लिहिताना यांना लाज तर वाटली नाहीच, उलट हौसच वाटली.

माझी पेन्शन आणि वरच्या मजल्याचं भाडं मिळूनही रक्कम भरेना.

‘खालचं पण भाड्याला दिलं की बसतं,’ हे म्हणाले. ‘आपण मागे राहू. सहा महिने, अष्टे, तेवढेच.’

एरवी मी फाडकन नाही म्हटलं असतं. पण स्वतःच्या आजारी आईच्या अंथरुणापाशी या माणसाची नऊ वर्षं गेली. त्या काळात जवळच्या, नदीकाठच्या तलकाडच्या पुढे कुठे जाणं झालं नाही. तिथल्या वाळूत हे चपला हातात घेऊन चालत राहायचे आणि शेवटी नदीच दिसते म्हणून हिरमुसायचे. ते आठवलं आणि मी हो म्हणून बसले.

करारात मी एकच कलम घालायला लावलं. आमचे देव स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात. सासऱ्यांच्या पणजोबांनी फौजेबरोबर इकडे येताना आणलेले चांदीचे टाक. मागच्या खोलीची भिंत संडासाला लागून, तिथे त्यांना कसं न्यायचं? म्हणून घरमालकिणीला रोज सकाळी सात वाजता पूजेसाठी आत येता येईल, असं वकिलाने लिहून दिलं.

खोलीत एक खाट मावली. हे खाली चटईवर झोपायचे, उशाला व्हिसाची फाईल. प्लग एकच, त्यामुळे चहा उकळेपर्यंत पंखा बंद. आमची ऐपत आहे हे दाखवायला आम्ही असे राहत होतो. आधी आधी मला याचं हसू यायचं. मार्चमध्ये पत्रा तापायला लागला तसं हसू संपलं. समोर माझ्या हॉलच्या खिडक्या उघड्या दिसायच्या आणि जीव नुसता कोंडून जायचा.

एका सकाळी त्या जोडप्याची कोणी मैत्रीण आली होती. मी पूजा आटोपून निघाले, तर तिने वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातात शंभराची नोट ठेवली. पूजेला येणारी बाई समजली ती मला. घर माझं आहे, एवढं इंग्रजी मला नक्की येत होतं. पण अंगावर धड न वाळलेली साडी, पायात काही नाही. मी तशीच आत वळले. नोट मी देवापुढे ठेवून आले. यांना सांगितलं नाही. यांनी ते हसण्यावारी नेलं असतं आणि मला ते सोसलं नसतं.

सहा महिने भरले त्या दिवशी हे पासबुक छापून आणून बसले. बेरीज दोनदा केली, मग आकड्यांकडे बघत बसले. तेवढ्या काळात आपला रुपया घसरला होता. त्या देशाच्या पैशात रक्कम थोडी कमी पडत होती. मला इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून पाठ फिरवून मी तांदूळ निवडायला घेतले. अकरा महिन्यांच्या कराराचे पाच महिने उरले होते. मग माझं स्वयंपाकघर माझं. मनातल्या मनात मी डबेसुद्धा फळीवर लावून टाकले.

थोड्या वेळाने यांनी मान वर केली. पत्र्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं.

‘ही खोली पण दिली तर बसतं.’

‘आणि आपण कुठे जायचं?’

‘सरगूरला, तुझ्या बहिणीकडे. मत्ते, आणखी सहाच महिने.’

‘आणि पूजा?’

‘सरगूरहून रोज कशी येणार तू? सुम्ने, उगाच त्रास. पूजेला एक बाई ठेवू.’

अर्ज माझ्या नावावर होता. मी सही केली नाही तर सगळं तिथेच थांबणार, हे मला ठाऊक होतं. यांनी फाईलवर समुद्राचं एक चित्र डकवलं होतं. ते बघितलं की माझं नाही घशातच राहायचं. त्या दिवशीही राहिलं.

‘बाई आहे एक,’ मी म्हणाले. ‘सातला येते. बेल वाजवते आणि दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभी राहते.’

आता तरी हे माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी पेन उचललं आणि वहीत नवीन ओळ आखली.

‘आयतु, ठरलं,’ म्हणाले. ‘किती घेते?’